हंबीरराव पहिले, नवारचे राजे

माझं लग्न मी जन्माला यायच्या आधी ठरलं होतं, असं सांगितलं की लोकांना वाटतं ही बाई वाढवून सांगते. यात वाढवायचं काय आहे? हरणा आत्याला मुलगा झाला तेव्हा आमचे आबा फौजेतून सुट्टीवर आले होते. पाळण्यात वाकून त्यांनी त्या पोराच्या हातात चांदीचं कडं घातलं आणि मला मुलगी झाली की ती याचीच, असं भरल्या घरात जाहीर करून टाकलं. मग मी सावकाश जन्माला आले. माझं नाव काय ठेवायचं यावर घरात चार दिवस वाद झाला म्हणे, पण मी कुणाची यावर नाही.

तो पोरगा म्हणजे शंभूराज. आता तो जतला पाण्याच्या टँकरचा धंदा करत होता आणि मी मलकापूरला हायवेच्या कडेच्या एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवत होते. अठ्ठ्याण्णव साल होतं. चार जुनी मशिनं, एक टेबलफॅन आणि लाइट गेली की किंचाळणारा एक डबा, एवढी माझी दौलत. पण ती माझी होती. क्लास काढायला आबांनी परवानगी दिली ती लग्नापर्यंत. तुळशीची लग्नं उरकली की जतचे पाहुणे येणार, सुपारी फुटणार, आणि सुपारी फुटली की विषय संपला. शंभूराज वाईट माणूस नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही, बोलणं मऊ. पण लहानपणी ज्याच्याशी भांडून चिंचा हिसकावून घेतल्या त्याच्याकडे नवरा म्हणून बघायचं म्हटलं की मला आधी हसू यायचं आणि मग रडू. शिवाय जतला कॉम्प्युटर कुणाला पायजे, असं त्यानं आईपाशी बोलून ठेवलं होतं.

मी आईला सांगितलं, मला हे नको. आई म्हणाली, तुझ्या आबांना सांग. आता ही काय उत्तर द्यायची रीत झाली? सुभेदार हंबीररावांना नाही म्हणायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. रिटायर होऊन आले तरी ते आम्हाला अजून कंपनीच समजायचे. सकाळी हाक मारली की आम्ही सगळे अंगणात.

तर हे सुभेदार माझ्या क्लासवर पहाऱ्याला बसायचे. क्लासला पोरं येतात, पोरगी एकटी असते, म्हणून दारात लोखंडी खुर्ची टाकून मिशीला पीळ देत बसलेले. त्या मिशीपायी माझी दोन पोरं फी बुडवून पळाली. दुपारी क्लास रिकामा असायचा आणि मग आबांना कंटाळा यायचा, आणि आबांना कंटाळा आला की ते मला शिस्त लावायला घ्यायचे. वायरी सरळ कर, खुर्च्या ओळीत लाव, तो पंखा पूस. एका दुपारी माझं डोकं फिरलं. क्लासच्या एका पोरानं पुण्याहून एक सीडी आणून ठेवली होती, त्यात जुन्या काळच्या युरोपातल्या राजेरजवाड्यांचा खेळ होता. मी ती मशिनात सारली, आबांना खुर्चीसकट आत ओढलं आणि म्हटलं, आबा, एक राज्य घ्या आणि मला जरा श्वास घेऊ द्या.

नकाशा बघून आबांचे डोळे बदलले. फौजेतल्या माणसासमोर नकाशा म्हणजे मांजरासमोर दूध. त्यांनी फ्रान्स बघितला, इंग्लंड बघितलं, आणि शेवटी डोंगरात दबलेल्या एका एवढ्याशा राज्यावर बोट ठेवलं. त्याचं नाव नवार. का, तर त्याच्या दोन्ही अंगांना कॅस्टील आणि आरागॉन अशी दोन थोरली राज्यं होती, आणि तिन्ही राजे एकमेकांच्या नात्यातले. आबा म्हणाले, हे मला कळतंय, हे बांधावरचे भाऊबंद हायत.

खेळात आपल्या घराण्याला नावं देता येत होती. आबांनी एका बोटानं टाइप करत आख्खं घर राजवाड्यात नेऊन बसवलं. राजा हंबीरराव पहिला. युवराज कुणाल, म्हणजे पुण्याला इंजिनीअरिंग शिकणारा माझा भाऊ. राजकन्या संयोगिता, म्हणजे मी. राजाची बहीण हरणा शेजारी कॅस्टीलला दिलेली, आणि तिचा मुलगा शंभूराज कॅस्टीलचा युवराज. मला वाटलं होतं आबा अर्ध्या तासात कंटाळतील. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी गाळ्याचं शटर उघडून बसले होते.

ते राज्य आबांनी कसं चालवलं ते इतिहासाच्या बाईंनी बघितलं असतं तर त्या चक्कर येऊन पडल्या असत्या. जर्मनीच्या बादशहानं राजकन्या संयोगितेसाठी आपल्या मुलाचं स्थळ पाठवलं. बादशहा म्हणजे खेळातला सगळ्यात मोठा माणूस, बाकीचे राजे अशा सोयरिकीसाठी जीव टाकतात. आबांनी स्थळ परत पाठवलं. त्यांचं म्हणणं, घराणं माहितीतलं नाही, देवक कुठलं ते ठाऊक नाही, उद्या काही झालं तर विचारायचं कुणाला. अपमान झालेला बादशहा इंग्लंडच्या गळ्यात पडला. त्या दोघांनी मिळून फ्रान्स वाटून खाल्ला. फ्रान्सचा राजा पळून पार आइसलँडला गेला आणि तिथल्या बर्फात बसून स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घ्यायला लागला. व्हेनिस डेन्मार्कवाल्यांनी घेतलं, स्कॉटलंडच्या गादीवर हंगेरीची एक विधवा आली, आणि आबा शांतपणे आपल्या द्राक्षांच्या मळ्यांवर पाटबंधारे काढत बसले. जेरुसलेमच्या लढाईला बोलावणं आलं तर सुगी सुरू आहे म्हणून गेले नाहीत.

पोरगी मात्र त्यांना कॅस्टीललाच द्यायची होती, बहिणीच्या घरात. तिथं गाडी अडली. खेळातल्या धर्माप्रमाणे इतक्या जवळच्या नात्यात लग्न चालत नव्हतं, रोमच्या पोपची परवानगी लागत होती, आणि पोपनं ती नाकारली. पडद्यावर आलेला मजकूर मी वाचून दाखवला. 

"मामाची पोरगी करायची न्हाई," आबा म्हणाले, "तर मग माणसानं करायची कुनाची?"

याचं उत्तर युरोपात कुणापाशी नव्हतं. पण शेजारच्या गाळ्यात होतं. तिथं लालासाहेबांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लालासाहेब आबांचे वर्गमित्र. ग्रामपंचायत, सोसायटी, दूध संघ, जी म्हणून निवडणूक निघेल तिला उभं राहायचं आणि पडायचं, हा त्यांचा कायमचा उद्योग. पोप निवडून येतो आणि त्याला कार्डिनल नावाचे लोक मत देतात, एवढं ऐकल्यावर लालासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. सुभेदार, हा तर साखर कारखाना हाय, ते म्हणाले. पोप म्हंजे चेअरमन, कार्डिनल म्हंजे डायरेक्टर, आपून आपलं पॅनेल टाकू.

मग आमच्या गाळ्यात पॅनेल उभं राहिलं. कुठल्या कार्डिनलचा कुणाशी वैरभाव, कुणाचा भाचा रिकामा बसलाय, कुणाला जेवायला बोलवायचं आणि कुणाला मुद्दाम बोलवायचं नाही, याची खलबतं रोज दुपारी चालायची. दोन म्हातारी माणसं त्या वेडात माझ्याकडून इंग्रजी वाचून घ्यायची आणि मी पोरांना टायपिंग शिकवता शिकवता रोमचं राजकारण सांगायची. म्हातारा पोप एकदाचा गेला. आबांनी आपल्या घराण्यातला एक पाद्री उभा केला होता आणि त्याला मोठ्या प्रेमानं मित्राचं नाव दिलं होतं. तो निवडून आला. पोप लालासाहेब पहिले.

लालासाहेबांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट टेकवून बघितलं. मग उठून बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. क्लासच्या पोरांना वाटले, समोरच्या पंक्चरवाल्याला वाटले, ड्यूटीवर निघालेल्या एका कंडक्टरला हायवेवर थांबवून दिला. त्यानं विचारलं, काय झालं? लालासाहेब म्हणाले, निवडून आलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांना हसायची छातीच झाली नाही.

नव्या पोपनं पहिल्या झटक्यात परवानगी दिली. नवारच्या संयोगितेचं कॅस्टीलच्या शंभूराजशी लग्न लागलं. पडद्यावर घंटा वाजल्या. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की बघ, किती सोपं असतं. मी पंखा पुसत होते. तोंडात आलेलं सगळं मी गिळलं आणि घरी जाऊन भांडी जरा जोरात आपटली.

पुढं एक वाईट झालं. युवराज कुणाल शिकारीला गेला आणि घोड्यावरून पडून मेला. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, कुणाल गेला. आईनं जो हंबरडा फोडला तो ऐकून गल्ली जमा झाली. खरा कुणाल शनिवारी पुण्याहून आला तेव्हा आईनं त्याला पोटाशी धरलं आणि आबांनी काही न बोलता त्याच्या मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. तो बिचारा अजून विचारतो, माझं काय चुकलं होतं?

पाहुणे रविवारी येणार होते. त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी, राजा हंबीरराव पहिले तापानं वारले. आबांना तसं फार वाईट वाटलं नाही. म्हातारपण आलेलं होतं, राज्य सुखात होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, चला, संपला खेळ.

मी म्हटलं, संपला नाही. राजा मेला की पुढचा वारस होऊन खेळायचं. कुणाल नाही, म्हणजे तुम्ही आता संयोगिता.

आबांनी टोपी परत डोक्यावर घातली. पडद्यावर राणी संयोगितेचं चित्र आलं, कॅस्टीलच्या वाड्यात उभी असलेली. आबांनी सवयीनं नवारच्या फौजेवर माउसचा बाण नेऊन दाबला. काही हललं नाही. परत दाबला. मग मळे, मग पाटबंधारे, मग दरबार. सगळी बटणं राखाडी पडलेली. आबांना वाटलं मशिन बिघडलं, त्यांनी माउस उचलून टेबलावर आपटला.

"हे का चालंना झालंय?"

"तिचं चालत न्हाई आबा," मी म्हटलं. "फौज नवऱ्याची, मळे नवऱ्याचे. लग्न झाल्यावर सगळं तिकडं गेलं."

"मग हिला काय करता येतं?"

मी दाखवलं. दोन बटणं जिवंत होती. एक देवळात जायचं आणि एक मूल होऊ द्यायचं. आबांनी देवळाचं बटण दाबलं. राणी देवळात जाऊन आली. थोडं थांबून त्यांनी परत दाबलं. ती परत जाऊन आली. नवारच्या हद्दीवर आरागॉनच्या भाऊबंदांनी फौज आणून उभी केली होती, आबांना ती दिसत होती, आणि ज्या माणसानं खऱ्या बर्फात खरी चौकी राखली तो माणूस राणीला पुन्हा पुन्हा देवळात पाठवत बसला होता. मला आधी हसू आलं. नंतर आलं नाही.

मग त्यांनी तिच्या चित्रावर बाण नेला. त्या खेळात प्रत्येक माणसाच्या मनात दुसऱ्याविषयी काय आहे ते आकड्यात दिसायचं. नवऱ्याविषयी शून्य. सासूविषयी थोडं बरं. आणि बापाच्या नावापुढं उणे चाळीस. बाप मेलेला असूनही आकडा तसाच. खाली बारीक अक्षरात कारण दिलं होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. आबांचं इंग्रजी फौजेतलं, हुकमापुरतं, पण त्यांनी बोट ठेवून एकेक शब्द स्वतः लावला. न विचारता लग्नात दिली.

त्यांनी पडद्याकडे बघतच मला विचारलं. "हितं किती हाय?"

कुठं, म्हणजे माझ्या मनात, ते मला कळलं. एवढी वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते बाहेर पडलं. "तेवढंच असंल आबा. मला शंभूराज नको. मी लय वेळा सांगायला आले आणि परत गेले."

आबा उठले, लोखंडी खुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि घरी निघून गेले. रविवारपर्यंत ते क्लासवर आले नाहीत आणि माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या तीन रात्री मला झोप नव्हती. मी ठरवून टाकलं की आता काही होत नाही, उलट मी तोंड उघडलं म्हणून आबा चिडून लवकरची तारीख धरणार.

रविवारी जतहून जीप भरून पाहुणे आले. हरणा आत्या, शंभूराज, त्याचे चुलते, मानाचे दोन म्हातारे. सोप्यात सतरंजी टाकली, पान-सुपारीचं तबक मधोमध ठेवलं. लालासाहेब आमच्या बाजूनं बसले होते, निवडून आल्यापासून ते जरा ताठ बसायचे. मी आत आईपाशी साडी नेसून उभी. चुलत्यांनी देवाचं नाव घेऊन सुपारी हातात घेतली, तेवढ्यात आबांनी मला हाक मारली. बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर आपल्या शेजारी बसायला सांगितलं. आमच्यात मुलगी अशी बसत नाही. म्हातारे चुळबुळले.

"आज मी बोलनार न्हाई," आबा म्हणाले. "हिला काय म्हनायचं ते ही म्हनंल."

 मी आत्याकडे बघून सांगितलं, की आत्या, शंभूराज चांगला आहे पण मला हे लग्न करायचं नाही.  शंभूराज पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. चुलते सुपारी हातात घेऊन तसेच. आणि आत्या, जी आयुष्यात भावासमोर मोठ्यानं बोलली नव्हती, ती पदर खोचून उभी राहिली. तुझ्या शब्दावर मी आख्ख्या भावकीत बोलून बसले दादा, ती म्हणाली, शब्दाचं काय?

आबा म्हणाले, "शब्द माझा हुता हरणे. लगीन हिचं हाय."

मला वाटलं, आपण जिंकलो. आबांविषयी मला असं भरून आलं की मी त्यांचा हात धरला. पण आत्या खाली बसली नाही. ती आबांकडे बघतच राहिली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग माझं लगीन कुनाचं हुतं रं दादा?"

हे आम्हाला कुणाला सुचलंच नव्हतं. आमचे आजोबा लवकर गेले. आत्याचं लग्न आबांनीच, एका सुट्टीत येऊन, ठरवून टाकलं होतं. कृष्णाकाठची पोरगी, घरामागं बारमाही पाट, ती त्यांनी नेऊन जतला दिली, जिथं ती दोन मैलांवरून घागर आणत म्हातारी झाली. पुढं तिच्याच पोरानं टँकर घेतला तो काय उगाच नाही.   आबांनी माझ्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि मांडीवर नुसता ठेवला.

कोंडी फोडायला लालासाहेब बोलले आणि त्यांनी माती केली. म्हणाले, हरणाबाई, सुभेदारांची चूक न्हाई, त्या खेळात राणीची दशा बघून त्यांचं मन पालटलं. आत्यानं विचारलं, कुठला खेळ? मग सगळंच सांगावं लागलं. नवार, कॅस्टील, बादशहाचं स्थळ, पोप. मानाचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. आत्या मात्र एक शब्द न सोडता ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, मी पाणीसुद्धा घेनार न्हाई, आधी मला ते मशिन दाव.

सगळी वरात गाळ्यावर आली. पुढं आत्या, मागं मी, मागं जीपमधले पाहुणे, सगळ्यात शेवटी आबा. आत्या माझ्या खुर्चीत पदर सावरून बसली आणि म्हणाली, ह्यात पैल्यापासनं बाईनं राज्य करायचं अशी सोय हाय का? होती. मी नवा डाव मांडला. नवारची राणी हरणाबाई, घराण्याची कर्ती. तिचा एक भाऊ, हंबीरराव, बिनलग्नाचा. आत्यानं विचारलं, राणीला भावाचं लगीन लावता येतं का? मी म्हटलं, कर्ती असेल तर कुणाचंही लावता येतं. तिनं नकाशा नीट बघितला. हिरवा मुलूख सोडला, नद्या सोडल्या, समुद्र सोडला.

"पानी न्हाई असा मुलूख कुठला ह्यात?"

मी बाण खाली नेला, समुद्राच्या पल्याड, जिथं नकाशा सगळा तपकिरी होता आणि एक नदी दिसत नव्हती. तिथल्या एका सरदाराची लग्नाची मुलगी यादीत होती. आत्यानं तिच्या चित्रावर बोट टेकवलं, हेच, म्हणाली. मी बाण बटणावर आणून माउस तिच्या हातात दिला. तिच्या बांगड्या टेबलाला लागून वाजल्या. आबा तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते, टोपी हातात.

"दाब हरणे," ते म्हणाले. "माझी ना न्हाई."

"तुला कुनी इचारलंय?" आत्या म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.